डोंगराला दहापैकी चार

आमच्या आबांना सरकारचा पैसा चालत नव्हता, अशातला भाग नाही. क्लेअर जिल्ह्यात सरकारी अनुदान न घेणारा शेतकरी शोधायला निघालं, तर संध्याकाळी तंगड्या गळ्यात घेऊनच घरी यावं लागेल. दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाला जमिनीच्या मापानं ठरलेले पैसे बँकेत जमा व्हायचे आणि आबा त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. चर्चबाहेर नाही, बाजारात नाही, आईशीसुद्धा नाही. पैसे आले की त्या आठवड्यात त्यांची मान जरा खाली असायची आणि मग ते कुणाशी तरी उगाच भांडण उकरून काढायचे.

त्यांना खपली नाही ती नवी योजना. तिच्यात डोंगरावरच्या गवताला गुण मिळायचे, शाळेतल्या पोरांना मिळतात तसे, दहापैकी. रानफुलं किती आहेत, झुडपं किती माजलीत, पाण्याची जागा गुरांनी तुडवून चिखल केलाय का, असं सगळं बघून गुण. जास्त गुण, जास्त पैसे. पाचाच्या खाली दमडी नाही.

ओर्ला कीनन जूनमध्ये आली. ही गुरांच्या डॉक्टरची मुलगी, आमच्याच गावची, आता योजनेचं काम बघते. सकाळपासून ती आमच्या डोंगरावर गुडघे टेकून, नाक गवताला लावून पुढं पुढं सरकत होती. आबा खाली रचीव दगडांच्या गडग्याला टेकून बघत होते.

"चर्चात तरी इतका येळ गुडघ्यावर बसती का गं ही?" त्यांनी आईला विचारलं.

"तुमी बसता का?" आई म्हणाली.

ओर्ला खाली आली तेव्हा तिच्या पँटचे गुडघे हिरवे झाले होते. तिनं आडपडदा ठेवला नाही. "मर्टीकाका, चार."

"काय चार?"

"गुण. हेझलची झुडपं निम्म्या डोंगरावर चढलीत. हिवाळ्यात गवत खाल्लंच गेलेलं नाही, जुनं वाळून त्याची गादी झालीय. तिच्याखालून फूल वर यायचं कसं?"

"माज्या बापानं राखला त्यो डोंगर. त्येच्या बापानं राखला. परीक्षेला बसवाया न्हाई राखला."

"त्यांनी राखला म्हणून तर चार आले, काका. नाहीतर दोनच दिले असते."

आबा काठी टेकत घरात गेले आणि रेडिओ मोठ्यानं लावून बसले. पण गोष्ट तेवढ्यावर मिटली नाही. शेजारच्या सेनन ड्रोनीच्या डोंगराला आठ मिळाले होते, आणि सेनन काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. रस्त्यात आमची गाडी समोरून आली की तो स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर करायचा, अंगठे आत दुमडलेले, बाकी आठ बोटं ताठ. आबा समोर बघत राहायचे. त्यांच्या मानेवरची शीर मात्र मला दिसायची.

मी त्यांची मुलगी, डेर्वला. लिमरिकला औषधांच्या दुकानात नोकरी करत होते. आबा गोठ्यात घसरून पडले, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून आले आणि राहिले ती राहिलेच. भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला. तो परत येणार नाही हे आई सोडून सगळ्यांना कळून चुकलंय.

आबांचा खुबा मोडला तिथंच डोंगराचंही बिनसलं. बाकी जगात गुरं हिवाळ्यात डोंगरावरून खाली आणतात, आमच्याकडं वर नेतात. आमचा डोंगर म्हणजे चुनखडीचा उघडा खडक. उन्हाळाभर तापलेला असतो, ती ऊब हिवाळ्यातही धरून ठेवतो, आणि खडकाच्या भेगांतलं गवत कोरडं राहतं. गुरं वर राहून ते जुनं गवत साफ करतात, म्हणून तर वसंतात फुलं येतात. पण आबांना वर चढता येईना. मग त्यांनी गुरं हिवाळाभर गोठ्यातच ठेवली आणि मुरघास, म्हणजे मुरवलेला चारा, घातला. पहाटे उठून, काठी टेकत, एकेकीला हाक मारून. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, मग वर्षानुवर्षं तीच सवय पडली. कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "यंदाच्या साली तेवढं." त्यांना त्याची लाज वाटायची. मला ते दिसत होतं.

ओर्लानं जाताना सरळ सांगितलं होतं. या हिवाळ्यात हेझल तोडून गुरं वर गेली, तर आमचं नाव योजनेत राहील आणि पुढच्या उन्हाळ्यात परत गुण लावता येतील. नाही गेली, तर आमची जागा दुसऱ्याला. सेनन तर कधीचा टपून होता. डोंगर खंडानं द्या, म्हणून दर नाताळाला विचारायचा. योजनेचे पैसे आले असते तर त्या शेतावर माझंही भागलं असतं. नाहीतर मी परत लिमरिकला आणि डोंगर सेननकडं.

"आक्टोबर सरायच्या आत गुरं वर गेली तर गेली," आबांनी फर्मान काढलं. "न्हाईतर डोंगर सेननला दिऊन टाकतो, आन् तू जा आपली गोळ्या इकायला."

"नेते की नाही बघाच," मी म्हटलं.

"मी फुलांची भीक मागणार न्हाई. तुला मागायची तर माग."

सप्टेंबरात हेझल तोडायला लागले. हेझल चिवट. एका बुडख्यातून बोटाएवढ्या जाडीच्या वीसेक काठ्या निघतात, कात्री लावली की वाकतात आणि सुटल्या की तोंडावर बसतात. पहिल्या दिवशी माझ्या तळव्यांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. पाऊस असा नव्हताच, समुद्राकडून नुसती ओल यायची आणि कपड्यांत शिरून बसायची. तोडलेली झुडपं ओढत एका जागी न्यायची, रचायची. खडकाच्या भेगा गवतानं झाकलेल्या. पाय गेला की घोट्यापर्यंत आत. कंबर अशी धरायची की दुपारी पावाचा तुकडा तोडायला वाकले तरी कळ यायची.

आबा रोज वर यायचे. आपल्या पायांनी जमेल तिथपर्यंत चढायचे, एका दगडावर बसायचे आणि मला शिकवायचे.

"बुडातनं काप. अशी दाढी केल्यासारखी वरवर काय तासतीस?"

"बुडातूनच कापतेय."

"ह्ये बुड? उद्या ह्यातनंच धा फुटतील. औषधाच्या दुकानात हेच शिकलीस व्हय?"

"आबा, तुम्ही खाली जाऊन बसा बरं. आई एकटी आहे."

"तुजी आई एकटी असली की खूश असती."

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मी पाणी प्यायला वळले, आणि बघते तर आबांनी माझी करवत घेतलेली. एक पाय ताठ बाजूला टाकून ते खडकावर बसले होते आणि बुडखा बुडातून कापत होते. करवतीचा आवाज एकसारखा येत होता. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. माझा बाप मोठा मानी, हाताला हात लावायला गेलं की करवत टाकून देणारा. दुसऱ्या दिवशी मी घरातून दोन करवती घेऊन निघाले.

महिनाभरात खालचा अर्धा उतार मोकळा झाला. करडा खडक परत दिसायला लागला. आई चहाची किटली आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेले सँडविच घेऊन वर आली आणि चहूकडं बघत राहिली. ती लग्न होऊन आली तेव्हाचा डोंगर तिला दिसत असावा. मग ती म्हणाली, "समदं झ्याक झालं. पर वर न्हेणार कोण?"

"काय वर न्हेणार?" आबांचं तोंड भरलेलं होतं.

"गुरं. म्होरं कोण चालणार? पॉली तर इकलीसा."

आबांचा घास तोंडातच राहिला.

पॉली म्हणजे आमची म्हातारी गाय, शिंगं नसलेली, काळी. ऑगस्टमध्ये आम्ही तिला बाजारात काढली होती. भाकड झाली होती, दात झिजलेले, बसून खात होती. मी म्हटलं विकू, आबा म्हणाले वीक, आणि आम्हा दोघांच्याही टाळक्यात शिरलं नाही की डोंगर पाहिलेली ती एकटीच उरली होती. बाकी सगळ्या गाई आबांचा खुबा मोडल्यानंतरच्या, खालच्या कुरणात आणि गोठ्यात वाढलेल्या. त्यांनी उघडा खडक कधी पायाखाली घेतलेला नाही. झरा कुठल्या बाजूला, भेगा टाळून वाट कुठून जाते, वारा आला की कुठल्या कड्याच्या आडोशाला बसायचं, हे गाईला माणूस शिकवत नाही. म्हातारी गाय पुढं चालते आणि बाकीच्या तिच्या मागून जाऊन शिकतात. पिढ्यान्पिढ्या असंच चाललेलं. डोंगर साफ करायला निघण्याआधीच ती शाळा आम्ही मोडून खाल्ली होती.

"फुलं मोजणारी पोरगी बरी," आबा शेवटी म्हणाले. "तिला निदान मोजता तरी येतंया. मला सोताच्या गाई बी मोजता येईनात."

"कुणी घेतली तिला?" आईनं विचारलं.

मी खाली बघितलं. "सेननकाकानं."

सेनन ड्रोनीचं घर आमच्यापासून हाकेवर. तरी आबांनी त्या उंबऱ्यात पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही. रविवारी चर्चचे कपडे घालून ते म्हणाले, "गाडी काढ." मी म्हटलं मी एकटी जाऊन विचारते. "गाय मी इकली," ते म्हणाले. "मागायला बी मीच जातो."

सेनननं दार उघडलं, आबांना बघितलं आणि त्याचं तोंड असं फाकलं की जणू नाताळ आधीच आला. "आगं बया! मर्टी लिनान! या, या. पोरी, बस. चहा टाकतो."

चहा झाला. पाऊसपाणी झालं, गुरांचे भाव झाले. आबा मांडीवर टोपी धरून बसले होते. मग त्यांनी सांगितलं, आडवळण न घेता. "पॉली परत पायजे. बाजारात जेवढ्याला घेतलीस तेवढं देतो, वर तुला वाटंल ते दे म्हन."

"भाकड गाय कशापायी रं तुला?"

"तुला कशापायी लागली?"

सेनन हसला. "खरं सांगू? मी म्हनलं, आज ना उद्या मर्टीचा डोंगर माज्याकडं येणार. मग वाट दावायला एखादं जनावर नको का? खाटकाच्या भावात वाटाड्या गावला. सोडतोय व्हय मी?"

माझे कान तापले. आबांनी नुसती मान हलवली. "मंग उसनी दे. एक दिवस."

"देतो की. शेजारधर्म हाय." त्यानं आबांच्या कपात परत चहा ओतला. "पर पुढच्या सालापास्नं डोंगर खंडानं मला. तुजा खुबा, पोरगी आज हाय उद्या न्हाई... तुला बी बरं. सरकारचे पैसे मी घेतो, तुला खंड मिळंल, भीक बी मागायला नको. तूच म्हनतोस ना, भीक?"

आबांनी कपातला चहा संपवला, थेंब न ठेवता. मग उठले आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"चहा चांगला व्हता, सेनन," ते म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

गाडीत मला रडू फुटलं. संतापाचं रडू होतं. "आबा, जाऊ दे. देऊन टाका त्याला डोंगर. मी जाते लिमरिकला."

"रडायचं कारण काय? गाय न्हाई मिळाली, मेली तर न्हाई." थोड्या वेळानं ते म्हणाले, "येत्या रविवारी लोकं येणार हाईत ना?"

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आमच्याकडं कुणा एकाची गुरं वर नेताना गाव जमतं. अलीकडं शहरातूनही माणसं येतात, रंगीत जाकिटं घालून, पोरंबाळं घेऊन, कळपाच्या मागून चालतात. यंदा कुणाची गुरं, हे ओर्लानं उन्हाळ्यातच ठरवलं होतं. आमची. तेव्हा मी मोठ्या दिमाखात हो म्हटलं होतं.

"येणार," मी म्हटलं. "सांगून टाकू नाही जमत म्हणून?"

"न्हाई. येऊ देत."

त्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं, वारा मात्र बोचरा. रस्त्यावर माणसं उभी होती, ओर्ला लाल टोपी घालून सगळ्यांना बाजूला सरकवत होती. सेनन आपल्या गडग्याला कोपर टेकून उभा होता, तमाशा बघायला. आबांनी चर्चचा कोट घातला होता आणि खाली रबरी बूट.

"आबा, तुम्ही गाडीत बसा. मी पुढं होते," मी म्हटलं.

"तू माघं. तुला वळखत न्हाईत त्या."

ते कळपाच्या पुढं चालू लागले. अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंना गडगे, गाईंना दुसरीकडं जायला वावच नव्हता, त्यामुळं खिंडारापर्यंत सगळं ठीक चाललं. आमच्या डोंगराला फाटक नाही, कुणाच्याच डोंगराला नसतं. जाताना गडग्यातले दगड काढून खिंडार पाडायचं, गुरं गेली की जो तो दगड उचलतो आणि परत गडगा होतो. सकाळीच मी आणि आईनं खिंडार पाडून ठेवलं होतं.

तिथं तांबडी गाय थांबली. पुढं उघडा करडा खडक, मधेमधे काळ्या भेगा, माती कुठं नाहीच. तिनं मान खाली घातली, फुंकर टाकली आणि चारी पाय रोवले. मागच्या गाई तिच्यावर आदळल्या. एक कालवड वळली. मग दुसरी. मागं माणसं होती, पोरं होती. एक बाई किंचाळली. मी दोन्ही हात पसरून आडवी झाले, ओर्लानं पोरांना गडग्यावर चढवलं. अरुंद वाटेत गुरं उलटी फिरली तर काय होतं ते मला ठाऊक होतं. सगळा कळप रस्त्याला लागला असता, माणसं चेंगरली असती, आणि लिनानांची गुरं डोंगर बघून पळाली हे मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं.

"काठ्या मारू नका रं!" आबा ओरडले. "कुणी बी काठी उगारायची न्हाई!"

आणि ते खिंडारातून एकटेच आत गेले. आमच्याकडं पाठ करून. काठी त्यांनी गडग्याला लावून ठेवली होती, ते मला तेव्हा दिसलं. खडकावरून चालताना आबांचं अंग एका बाजूला कलत होतं, प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा. मागं वळून त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हौऽऽ! रोझी! हौऽऽ! ये गं माज्या बाई! हौऽऽ!"

हाक मी ओळखली. हीच हाक. हिवाळ्यातल्या पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला ऐकू यायची, गोठ्यातून. मुरघास टाकताना, एकेकीला नाव घेऊन. ज्या हिवाळ्यांची आबांना लाज वाटत होती, त्या हिवाळ्यांत त्यांनी या गाईंना दुसरं काही शिकवलं नव्हतं. आपला आवाज मात्र शिकवला होता.

तांबड्या रोझीनं कान उभे केले. आबा पुढं पुढं जात होते, लहान होत चालले होते. "हौऽऽ!" तिनं एक खूर खडकावर ठेवला, घसरतोय का बघितलं, मग दुसरा ठेवला. खुरांचा टणक आवाज आला. आणि ती चालू लागली, आबांनी जिथून जिथून पाय टाकला होता तिथूनच, भेगा टाळून. तिच्यामागं दुसरी. वळलेली कालवड एकटी पडली, हंबरली आणि धावत जाऊन रांगेत शिरली.

मागं उभ्या माणसांत कुणीतरी टाळ्या वाजवायला घेतल्या आणि आई त्याच्या अंगावर खेकसली, "गप! गुरं बुजतील!"

मला वाटलं होतं, आबा थोडं आत जाऊन थांबतील. नाही थांबले. गुरांना झरा दाखवल्याशिवाय काम पुरं होत नाही, आणि झरा आमच्या डोंगराच्या पार वरच्या अंगाला, कड्याखाली. ऑपरेशन झाल्यापासून ते तिथं गेले नव्हते. मी रांगेच्या शेवटी चालत होते. मला त्यांचा नुसता कोट दिसत होता आणि हाक ऐकू येत होती. हाकेत आता धाप होती. चढावर दोनदा ते हातांनी खडक धरून चढले. तिसऱ्यांदा पडले, गुडघ्यावर. रोझी त्यांच्याजवळ जाऊन थांबली, त्यांच्या पाठीला तोंड लावून उभी राहिली, आणि आबा तिच्या मानेला धरून उठले. मी धावले नाही. धावले असते तर त्यांनी मला कधी माफ केलं नसतं.

झऱ्यावर पोचले तेव्हा ते पाण्याशेजारी बसकण मारून बसले होते. तोंड पांढरं पडलेलं, कोटाची बाही फाटलेली, तळहात खरचटून लाल झालेले. गाई त्यांच्या भोवतीनं वाकून पाणी पीत होत्या. खाली अख्खं खोरं दिसत होतं, आणि त्यापलीकडं समुद्राची कड.

"किती आल्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या."

"मंग झालं."

मला त्यांचा इतका अभिमान वाटला की छातीत दुखायला लागलं. सांगायला लाज कसली? मी त्यांच्या शेजारी बसले आणि तसं म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "पुरं. नाक पूस." पण उठताना त्यांनी माझा खांदा धरला, आणि उतरून येईपर्यंत सोडला नाही.

खिंडाराशी लोक आमची वाट बघत थांबले होते. कुणी हललंच नव्हतं. आबा बाहेर आले तसे सगळे दगड उचलायला लागले. शहरातली माणसं, पोरं, ओर्ला, आई. दगडावर दगड चढायला लागला. सेननही गडग्याचा आधार सोडून जवळ आला होता. त्यालाही राहवलं नसावं. त्यानं एक दगड उचलला, छातीशी धरला, पण जीभ काही गप्प बसेना.

"चढलास बाबा, मर्टी. मानलं." मग आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हंजे आता तू बी सरकारची फुलांची भीक घेणार म्हन की!"

दगड लावणारे हात जरा थबकले. आबांनी ओर्लाकडं बघितलं, मग सेननकडं. धाप अजून पुरती बसली नव्हती, म्हणून ते तुटक तुटक बोलले.

"दर साली पैसं येत्यात बँकेत. कशाचं येत्यात, मला कदी उमगलं न्हाई. म्हून घेताना मान खाली जायची माजी. तुला बी येत्यात, तुजी जाती का, तुलाच ठावं." ते थांबले, दम घेतला. "ह्ये पैसं कशाचं, ते माज्या खुब्याला इचार."

सेनन दगड तसाच छातीशी धरून उभा राहिला. मग वाकून तो गडग्याच्या कडेला ठेवायला लागला.

"तितं न्हाई," आबा म्हणाले. "वर. म्होरली बाजू आत घाल. माजा डोंगर हाय त्यो."

सेनननं दगड परत उचलला, फिरवला आणि वर ठेवला.